तुमची विनोदी गुप्तहेर कादंबरी मालिका होते तेव्हा
लेखक आणि प्रकाशकांसाठी माहितीपत्रक

कथा-कादंबऱ्यांवरून मालिकांच्या पटकथा लिहून देणारं आमचं छोटं कार्यालय आहे. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत विनोदी गुप्तहेरकथा बऱ्याच असतात. लेखकांचे प्रश्न साधारण सारखेच असतात: गोष्ट किती बदलणार, विनोद टिकणार का, श्रेयनामावलीत नाव कुठे येणार, हक्कांचं काय. पहिल्या भेटीत हे सगळं बोलत बसलं तर कादंबरीबद्दल बोलायला वेळच उरत नाही. म्हणून इथे लिहून ठेवलं आहे. वाचून या.

निवेदक गेल्यावर

विनोदी कादंबरीतला बराचसा विनोद पात्रांच्या तोंडी नसतोच, तो निवेदकाच्या वाक्यांत असतो. कॅमेरा आला की निवेदक जातो. चिं. वि. जोशींच्या गोष्टी गुप्तहेरीच्या नव्हेत, पण हा प्रश्न मराठीत तिथेच सगळ्यांत स्पष्ट दिसतो. तिथे चिमणराव स्वतःच आपली हकीकत सांगतो, अगदी गंभीरपणे, आणि त्याच्या त्या गांभीर्यातूनच आपल्याला खरा प्रकार कळतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर या गोष्टींवरची मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुस्तकात जे काम वाक्यं करत होती ते आता चेहऱ्याने, चालण्याने आणि समोरच्याच्या नजरेने करायचं होतं. आजही ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना पुस्तक उघडलं की तेच चेहरे दिसतात. रूपांतराची याहून मोठी पावती आम्हाला तरी माहीत नाही.

तुमच्या कादंबरीचं काय होईल हे कळावं म्हणून एक वाक्य घेऊ. समजा तुम्ही लिहिलं आहे: ‘देशमुखांनी खुनी ओळखला होता, खून कुणाचा झालाय एवढंच कळायचं बाकी होतं.’ वाचताना हे छान आहे. पडद्यावर मात्र हे वाक्य म्हणणार कोण? निवेदनात घातलं तर प्रेक्षक ऐकतो, हसत नाही. आम्ही ते असं लिहू: दिवाणखान्यात देशमुख एका माणसाची कॉलर धरून आरोप वाचून दाखवताहेत, ‘जोगळेकरांचा गळा तुम्हीच दाबलात.’ मागे स्वयंपाकघराचा पडदा हलतो आणि जोगळेकर चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतात. देशमुखांची पाठ आहे, त्यांना दिसत नाही. कॉलर धरलेल्या माणसाला दिसतं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर राहतो. जोगळेकर विचारतात, ‘साखर किती?’ तुमचा एकही शब्द उरला नाही, पण विनोद तोच आहे. हे पटत असेल तर आपलं जमेल.

डर्क जेंटलीकडून आम्ही काय शिकलो

या प्रकारातलं आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. डग्लस ॲडम्सची ‘डर्क जेंटलीज होलिस्टिक डिटेक्टिव्ह एजन्सी’ ही कादंबरी १९८७ साली आली. पुढच्याच वर्षी दुसरी आली, आणि तिसरी अपुरी ठेवून ॲडम्स २००१ मध्ये गेले.

डर्क हा गुप्तहेर ठसे, राख, रक्ताचे डाग असलं काही बघत नाही. जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी मुळात जोडलेली आहे, असं त्याचं ठाम मत. त्यामुळे हरवलेलं मांजर शोधताना बहामाला जाऊन यावं लागलं तरी तो तपासाचाच भाग, आणि तो खर्च म्हाताऱ्या अशिलाच्या बिलात लागणार. फोनवर तो तिला हे समजावून सांगतो तो प्रसंग पाहा. तो लबाडी करतोय की मनापासून बोलतोय हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही, आणि पुढे त्याचं तत्त्वज्ञानच खरं ठरत जातं. कादंबरीचा जीव तिथे आहे.

बाकी कादंबरी पडद्यासाठी महाकठीण. माणसांच्या वतीने विश्वास ठेवण्याचं काम करणारा एक यंत्र-साधू आहे, खून झालेल्या माणसाचं भूत आहे, न्हाणीघरात घोडा आहे, जिन्यात असा अडकलेला सोफा आहे की तो तिथे आलाच कसा हे गणिताने सुटत नाही. केंब्रिजच्या एका प्राध्यापकाची खोलीच कालयंत्र आहे. आणि उकल जाऊन पोचते कोलरिजच्या ‘कुब्ला खान’ या कवितेपाशी. पोर्लॉकहून कुणी माणूस कामासाठी आला आणि त्यामुळे ही कविता अपुरी राहिली, असं कोलरिजने लिहून ठेवलं आहे. हे ज्याला ठाऊक आहे त्याला शेवट वाचताना अपार आनंद होतो. ज्याला ठाऊक नाही त्याला पानं उलटून मागे जाता येतं. टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला मागे जायची सवय नसते.

डिसेंबर २०१० मध्ये बीबीसी फोरवर तासाभराचा पायलट, म्हणजे मालिकेचा पहिला चाचणी भाग, आला. लेखक हॉवर्ड ओव्हरमन, डर्कच्या भूमिकेत स्टीफन मँगन. ओव्हरमनने साधू काढला, कोलरिज काढला, प्राध्यापकही काढला. ठेवलं काय? हरवलेलं मांजर, म्हातारी बाई, कालप्रवास, जुना मित्र मॅकडफ, आणि डर्कची विचार करण्याची रीत. ॲडम्सच्या चाहत्यांपैकी काहींना हे फार पातळ वाटलं. आमचं मत वेगळं आहे. साठ मिनिटांत कोलरिज बसवायला गेले असते तर डर्कला बोलायला जागाच उरली नसती. २०१२ मध्ये त्यावरून आणखी तीन भाग आले.

२०१६ मध्ये बीबीसी अमेरिकाने पुन्हा मालिका केली, सॅम्युअल बार्नेट आणि एलायजा वुड यांना घेऊन. या वेळी कादंबरीचं कथानक जवळजवळ नव्हतंच. गाव सिएटल, सोबतीला टॉड नावाचं नवं पात्र, रहस्य नवं. तरी पहिल्या भागापासून डर्क ओळखू येतो, कारण सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे हा हट्ट कायम होता. दोन हंगाम चालली.

एक कादंबरी, दोन अगदी वेगळ्या मालिका, आणि दोन्हींनी सांभाळलेली गोष्ट एकच. म्हणून आम्ही प्रत्येक लेखकाला पहिल्या भेटीआधी एक पान लिहायला सांगतो: तुमचा गुप्तहेर विचार कसा करतो? काय घडतं ते नको, ते आम्ही वाचूच. गाठीत अडकलेला असताना तो काय करतो, कोणत्या गोष्टीवर त्याचा आंधळा विश्वास आहे, कुठली चूक तो पुन्हा पुन्हा करतो, हे लिहा. या पानावरच्या गोष्टींना आम्ही हात लावत नाही. बाकी कशालाही हात लागू शकतो, खुन्यालासुद्धा.

नवी पात्रं का येतात

‘माझ्या पुस्तकात हा माणूस नाहीच,’ अशी तक्रार हमखास येते. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या बोट्सवानातल्या ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’वरची मालिका २००८-०९ मध्ये आली. अँथनी मिंगेला यांनी दिग्दर्शित केलेला पायलट बोट्सवानातच चित्रित झाला. तिथे एजन्सीशेजारी केस कापणारा बीके आहे. पुस्तकात तो नाही. एजन्सी चालवणारी गुप्तहेर मा रामोत्स्वे पुस्तकात बुश टीचा कप हातात धरून मनाशी विचार करते, आणि पानंच्या पानं छान जातात. पडद्यावर तिला कुणाशी तरी बोलायला हवं.

उलट सेक्रेटरी मकुत्सी जशीच्या तशी पडद्यावर आली, कारण सेक्रेटरियल कॉलेजात मिळवलेले सत्त्याण्णव टक्के ती स्वतःच येईल त्याला सांगते. स्वतःच्या तोंडाने हसू आणणारी पात्रं तुमच्या कादंबरीत किती आहेत, ते मोजून ठेवा. रूपांतर सोपं की अवघड, हे बरंचसं त्यावर ठरतं.

धागा लपवायचा कुठे

विनोदी रहस्यकथेचा खास फायदा असा की धागा विनोदात लपवता येतो. वाचक हसतो आणि पुढे जातो. शंभर पानांनी त्याला आठवतं की किल्ली तेव्हाच दिसली होती. पडद्यावर हे नाजूक होतं. किल्लीचा क्लोजअप घेतला की प्रेक्षक सावध झालाच. म्हणून आम्ही किल्ली मोठ्या फ्रेममध्ये ठेवतो, त्याच क्षणी पुढ्यात काहीतरी हसवणारं घडवतो आणि सीन धाग्यावर कधीच संपवत नाही. धागा संवादात असेल तर तो हशाच्या आधीच्या वाक्यात ठेवतो, कारण हशानंतरचं वाक्य घराघरांत बुडतं. संपादक पुढे हे बिघडवू शकतो, म्हणून कुठली वस्तू मोठी दाखवायची नाही तेही पटकथेतच लिहून ठेवतो.

हक्क आणि करार

आम्ही वकील नाही. सही करण्याआधी करार वकिलाला दाखवाच. पण ही माहिती असू द्या.

रूपांतराचा हक्क हा कॉपीराइटचाच भाग आहे. आधी प्रकाशकाशी केलेला करार काढून पाहा. तो हक्क तुम्ही तिथेच देऊन बसला असाल तर निर्मात्याला ‘हो’ म्हणायचा अधिकार तुमच्याकडे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हस्तांतरण संपल्याचं मानलं जातं. ‘वेगळं काही’ बहुतेक छापील करारांत बारीक अक्षरांत असतं. तिथे बोट ठेवून विचारा.

हक्क विकल्यावरही कलम ५७ लेखकाच्या बाजूने उभं राहतं: कृतीचं श्रेय मागण्याचा हक्क, आणि आपल्या नावलौकिकाला बाधा आणणाऱ्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क. हिंदी कादंबरीकार मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’वरच्या चित्रपटाबाबत याच कलमाखाली दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती, आणि करारातल्या मजकुरापुढे हा हक्क निष्प्रभ होत नाही हे न्यायालयाने मान्य केलं. पण नावडलेला प्रत्येक बदल म्हणजे विकृती नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

दुसऱ्याचं जुनं पुस्तक घेऊन येणाऱ्यांसाठी: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट चालतो. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुलं आहे. दूरदर्शनवरची मालिका ही मात्र स्वतंत्र कृती. तिच्यातलं काही उचलता येणार नाही.

आमची पद्धत

आधी वाचन, मग भागवार वन लाइन (प्रत्येक प्रसंग थोडक्यात मांडलेला आराखडा), मग पायलटची पटकथा, शेवटी संवाद. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे, आणि कुठल्याही टप्प्यावर तुम्ही थांबू शकता. तोवरचं काम तुमचं. मराठीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन श्रेयं वेगळी दिली जातात. ‘कथा’ तुमच्या नावावर आणि मूळ कादंबरीचं नाव वेगळ्या पाटीवर, हे आम्ही पहिल्या मसुद्यातच लिहितो. पटकथा निर्मात्याकडे जाण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी, असा आमचा आग्रह असतो.

वन लाइन तयार झाली की एक बैठक ठेवतो. त्यात आम्ही ती मोठ्याने वाचतो आणि तुम्ही फक्त ऐकता. जिथे तुम्हाला हसू यायला हवं होतं आणि आलं नाही, तिथे कागदावर खूण करा. त्या खुणा घेऊनच पुढचा मसुदा होतो.

पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. येताना पूर्ण हस्तलिखित, प्रकाशकाच्या कराराची प्रत आणि गुप्तहेराबद्दलचं ते एक पान आणा. पान हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल.