विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे त्यांच्या संदर्भबिंदूंना जोडणाऱ्या, पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत लहान मार्गाची लांबी होय. संदर्भबिंदू सामान्यतः विमानतळाच्या भौमितिक मध्याजवळ ठरवलेला असतो. पृथ्वी गोल मानल्यास हा मार्ग बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळाचा, कंस असतो.

सपाट नकाशावर हा कंस बहुधा वाकडा दिसतो आणि सरळ रेषाच जवळची वाटते. ध्रुवांकडे जावे तसा हा भ्रम वाढत जातो. ६०° उत्तर अक्षवृत्तावर एकमेकांपासून १८०° रेखांश दूर असलेली दोन ठिकाणे घेतली, तर अक्षवृत्त धरून जाताना सुमारे १०,००० किमी कापावे लागतात, ध्रुवावरून जाताना मात्र सुमारे ६,६७० किमी पुरतात.

ही आकडेमोड पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरून करतात. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने उत्तरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो. प्रवाशाच्या दृष्टीने तो नगण्य आहे. विमानचालनात अंतर सागरी मैलात (१.८५२ किमी) मोजतात.

उड्डाणकाळ मात्र केवळ अंतरावरून ठरत नाही. मोठी जेट विमाने स्थिर उंचीवर हवेच्या सापेक्ष ताशी साधारण ८५० ते ९०० किमी वेगाने जातात, परंतु जमिनीच्या सापेक्ष वेग वाऱ्यानुसार बदलतो. २,००० किमीचे अंतर ताशी ८५० किमी वेगाने २ तास २१ मिनिटांत पार होते. ताशी १०० किमीचा वारा समोरून असल्यास त्याला २ तास ४० मिनिटे लागतात, पाठीमागून असल्यास २ तास ६ मिनिटे. जाऊन-येऊन बेरीज केली तरी ४ मिनिटे जास्तच भरतात, कारण विमान समोरच्या वाऱ्यात अधिक वेळ राहते. मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे, म्हणजे उंचावरील वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यामुळे, न्यूयॉर्कहून लंडनला जाणारी विमाने परतीच्या विमानांपेक्षा साधारणतः लवकर पोहोचतात. फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्रवासी विमानाने हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले होते.

प्रत्यक्ष मार्ग बृहद्‌वृत्तापेक्षा लांब असतो. उड्डाणानंतरचे व उतरण्यापूर्वीचे ठरीव मार्ग, वादळे टाळण्यासाठी घेतलेले वळसे आणि बंद हवाई क्षेत्रे ही त्याची नेहमीची कारणे होत. यांपैकी शेवटचे कारण सर्वांत महागात पडते: २०२२ मध्ये रशियाचे हवाई क्षेत्र फिनलंडच्या विमानांना बंद झाल्यावर त्यांचा हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे ९ तासांवरून १३ तासांवर गेला. अनुकूल वारा मिळावा म्हणून मुद्दाम लांबचा मार्ग निवडण्याचीही प्रथा आहे, आणि त्यात वेळ व इंधन दोन्ही वाचू शकतात.

वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून गंतव्य विमानतळावर जागी लागेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंतचे संथ मार्गक्रमण, उड्डाणाची प्रतीक्षा आणि संभाव्य विलंबासाठी राखलेली काही मिनिटे येतात. म्हणून केवळ अंतराला वेगाने भागून आलेला आकडा सहसा अपुरा ठरतो, विशेषतः छोट्या प्रवासांत, जेथे विमान स्थिर उंचीवर फारच थोडा वेळ असते. शिवाय निघण्याची व पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळानुसार छापलेली असल्याने, कालविभागांतील फरक हिशेबात धरल्यावाचून दोन्हींची वजाबाकी करता येत नाही.