मोहम्मद सलीम सेल्टिककडून लीग खेळला होता का?

कलकत्त्याचा फुटबॉलपटू मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबकडून लीग खेळला अशी पोस्ट वर्षानुवर्षं फिरतेय, ती चुकीची आहे. 1936 मध्ये तो सेल्टिकच्या राखीव संघाकडून दोनच मॅच खेळला, हॅमिल्टन आणि गॅल्स्टनविरुद्ध, आणि मुख्य टीमकडून लीगची एकही नाही. तो बूट न घालता खेळला हे खरंय, पण पायाला बँडेज गुंडाळलेलं असायचं, क्लबचा जिमी मॅकमेनेमी ते बांधतोय असा फोटोच आहे. नंतर घरची आठवण यायला लागली म्हणून तो परत आला. मला वाईट याचं वाटतं की या दोन मॅचपायी त्याचं मोहम्मडन स्पोर्टिंग कुणाला आठवतच नाही, 1934 ला कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब तो, आणि सलीम त्याच टीममधला!