संशोधनाचा सामाजिक प्रभाव

विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत झालेल्या संशोधनामुळे विद्याक्षेत्राबाहेर, म्हणजे अर्थव्यवहार, आरोग्य, शासकीय धोरण, पर्यावरण वा संस्कृती यांत, घडून आलेल्या बदलास संशोधनाचा सामाजिक प्रभाव म्हणतात. तो पुराव्यानिशी दाखविण्याच्या व नोंदविण्याच्या पद्धतीचाही या संज्ञेत समावेश होतो. उद्धरणसंख्येवरून काढला जाणारा नियतकालिकांचा ‘प्रभावांक’ ही निराळी गोष्ट असून, या दोहोंची गल्लत अभ्यासकांच्या लेखनातही आढळते.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ पासून विद्यापीठीय संशोधनाचे ठरावीक वर्षांनी मूल्यमापन होऊ लागले, तेथून काही अभ्यासक आरंभ धरतात; तथापि त्या मूल्यमापनाचा रोख दीर्घकाळ विद्याक्षेत्रीय गुणवत्तेवरच होता. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत झालेले दोन परस्परविरोधी अभ्यास हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिला, ‘प्रोजेक्ट हाइंडसाइट’, तेथील संरक्षण खात्याने केला. सुमारे २० शस्त्रप्रणाली घेऊन त्यांच्या घडणीस कारण झालेल्या सुमारे ७०० संशोधन-घटना त्यात मागे मागे जाऊन शोधण्यात आल्या आणि त्यांपैकी निर्हेतुक, म्हणजे विशिष्ट उपयोग डोळ्यांपुढे न ठेवता केलेल्या, मूलभूत संशोधनाचा वाटा अवघा ०.३ टक्के असल्याचा निष्कर्ष निघाला. मूलभूत विज्ञानाच्या पुरस्कर्त्यांना तो मानवणारा नव्हता. अमेरिकेच्याच राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने करविलेल्या ‘ट्रेसेस’ या दुसऱ्या अभ्यासात (१९६८) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, गर्भनिरोधक गोळी, चित्रफीत-मुद्रक (व्हिडिओ टेप रेकॉर्डर) इत्यादी पाच नवनिर्मितींचा माग काढला असता सुमारे ७० टक्के निर्णायक घटना नेमक्या अशाच मूलभूत संशोधनाच्या निघाल्या. दोन्ही निष्कर्ष प्रायोजक संस्थांना सोयीचे होते, हे खरे. परंतु तफावतीचे मुख्य कारण कालमर्यादेत असावे. पहिल्या अभ्यासाची दृष्टी प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे वीस वर्षांपुरती होती, तर दुसऱ्याने अर्धशतक मागे जाण्याची मुभा घेतली. कालमर्यादा बदलली की श्रेय बदलते, ही अडचण पुढील सर्व पद्धतींत कायम राहिली आहे.

१९९० नंतरच्या दशकात ब्रुनेल विद्यापीठातील मार्टिन बक्स्टन व स्टीव्ह हॅनी यांनी आरोग्य-संशोधनासाठी ‘परतावा’ चौकट मांडली. ज्ञान, पुढील संशोधनास मिळणारे लाभ, धोरण व प्रशासन, आरोग्यसेवा आणि व्यापक अर्थव्यवस्था अशा पाच वर्गांत ती लाभांची विभागणी करते.

सांप्रत सर्वाधिक चर्चा होते ती ब्रिटनच्या ‘रेफ’ (रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क) या विद्यापीठीय संशोधनाच्या मूल्यमापनाची. २०१४ मध्ये त्यात सामाजिक प्रभावास एकूण गुणांपैकी २० टक्के भार होता. २०२१ मध्ये तो २५ टक्के झाला. २०१४ च्या फेरीत संस्थांनी ६,९७५ प्रभाव-वृत्तांत, म्हणजे संशोधनाने घडविलेल्या बदलाच्या लेखी हकीगती, सादर केले. वृत्तांतातील प्रभाव १ जानेवारी २००८ ते ३१ जुलै २०१३ या काळात घडलेला असावा, मूळ संशोधन मात्र १९९३ पर्यंत जुने चालेल, असा नियम होता. ‘व्याप्ती’ व ‘महत्त्व’ या दोन कसोट्यांवर परीक्षक गुण देत. ऑस्ट्रेलियातील अशीच एक योजना २००७ च्या सत्तांतरानंतर गुंडाळली गेली. तेथे प्रभावाचे मूल्यमापन पुढे २०१८ मध्ये झाले.

पुरावा म्हणून उपचार-मार्गदर्शिकांतील वा संसदीय अहवालांतील उल्लेख, पेटंटचे परवाने, लाभार्थी संस्थांची पत्रे इत्यादी जोडतात. निर्णय घेणारे अधिकारी बदलतात आणि बैठकांची टिपणे गहाळ होतात; म्हणून घटना घडेल तेव्हाच ती नोंदविणे श्रेयस्कर समजले जाते. यातील खरी कठीण बाब कार्यकारणसंबंधाची आहे. एखादा कायदा बदलण्यामागे अनेक शोधनिबंध, चळवळी व राजकीय सोयी असतात. त्यामुळे संपूर्ण श्रेयाचा दावा करण्याऐवजी ‘योगदान’ दाखवावे, या मताकडे अलीकडे कल दिसतो. समाजमाध्यमांवरील उल्लेखांची मोजदाद २०१० नंतर सुरू झाली, परंतु ती लक्ष वेधले गेल्याचे दाखवते, बदल घडल्याचे नव्हे.

मानव्यविद्यांतील प्रभाव संग्रहालये, पाठ्यपुस्तके, वारसा-संवर्धन अशा वाटांनी पसरतो आणि त्याचे मापन तुलनेने अविकसित आहे.

दुष्परिणामांचा प्रश्न बहुतेक चौकटी बाजूला ठेवतात. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लशीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित करणारा १९९८ मधील शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला, परंतु दरम्यान ब्रिटनमधील लसीकरणाचे प्रमाण घटले होते. व्याप्ती आणि महत्त्व या दोन्ही कसोट्यांवर तो प्रभाव मोठाच ठरतो. ‘रेफ’च्या व्याख्येत हानी टाळणे किंवा कमी करणे यास प्रभाव म्हणून स्थान आहे, संस्था आपले वृत्तांत स्वतःच निवडत असल्याने संशोधनाने केलेली हानी मात्र त्यांत सहसा येत नाही.