मेंदूच्या लयी आणि कार्यकारी स्मृती

मेंदूच्या लयी आणि कार्यकारी स्मृती : माहिती काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता म्हणजे कार्यकारी स्मृती. हिशेबातला हातचा किंवा ऐकलेला मोबाइल नंबर लिहून होईपर्यंत तिच्यातच असतो. चेतापेशींच्या समूहांतील विद्युत विभव ठरावीक गतीने कमीजास्त होते, त्याला लय म्हणतात. थीटा (४–८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४–८ आवर्तने), अल्फा (८–१३), बीटा (१३–३०) आणि गॅमा (३० च्या पुढे) ही लयींची रूढ विभागणी असून तिच्या सीमा ग्रंथागणिक थोड्या सरकतात.

रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर विद्युतप्रवाह नोंदवले. माणसाचा पहिला ईईजी (मेंदूच्या विद्युत हालचालींचा आलेख) हान्स बर्गर यांनी येना येथे बहुधा १९२४ मध्ये घेतला, पण तो प्रसिद्ध झाला १९२९ मध्ये. संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे आढळतात; प्रसिद्धीचे वर्ष धरणे अधिक सुरक्षित. केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये दुजोरा दिल्यावरच या नोंदींकडे गांभीर्याने पाहिले गेले. कार्यकारी स्मृतीची आज प्रचलित असलेली मांडणी मुख्यतः बॅडली व हिच यांची, १९७४ ची आहे.

या दोन धाग्यांची सर्वांत चर्चिली गेलेली गाठ लिसमन व इडियार्ट यांनी १९९५ मध्ये मारली. त्यांच्या मते थीटाच्या एका आवर्तनात गॅमाची अनेक लहान आवर्तने बसतात आणि प्रत्येक लहान आवर्तनात स्मृतीतील एक घटक जागा होतो. थीटा ६ हर्ट्झ धरल्यास एक आवर्तन सुमारे १६७ मिलिसेकंदांचे. ४० हर्ट्झच्या गॅमाचे आवर्तन २५ मिलिसेकंदांचे. भागाकार साडेसहाच्या आसपास येतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सांगितलेल्या ‘सात, अधिक-उणे दोन’ या मर्यादेशी तो चांगला जुळतो. घटकांचा क्रम कसा टिकतो याचेही उत्तर त्यातून मिळते, आणि या कल्पनेचे खरे बळ तिथेच आहे.

मात्र सात हा आकडा स्वतःच वादग्रस्त आहे. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये असे दाखवले, की उजळणीला व गट पाडायला वाव दिला नाही तर मर्यादा चारच्या आसपास येते. नागपूर मेट्रोच्या ॲक्वा मार्गावर सीताबर्डीहून पश्चिमेकडे झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज, सुभाषनगर ही स्थानके लागतात. धरमपेठेत वाढलेल्या माणसाला ही सहा नावे म्हणजे दीर्घकालीन स्मृतीतला एकच ओळखीचा रस्ता. गडचिरोलीहून पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्याला मात्र ते सहा सुटे घटक, आणि त्यातले दोन-तीन निसटणे स्वाभाविकच. म्हणून ‘घटक’ कशाला म्हणायचे हे ठरल्याशिवाय वरच्या भागाकाराला पुरावा मानता येत नाही. अपस्माराच्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतील स्मृतीशी निगडित भागात) बसवलेल्या इलेक्ट्रोडांवरून आक्समाखर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिलेला निष्कर्ष अधिक वजनदार आहे. लक्षात ठेवायचे घटक वाढले, की गॅमाला बांधून ठेवणारी संथ लय आणखी संथ होते, म्हणजे तिच्यात जास्त घरे मावू शकतात.

दुसरा वाद स्मृती टिकते कशी याचा आहे. १९७१ मध्ये फुस्टर व अलेक्झांडर यांना, आणि स्वतंत्रपणे कुबोटा व निकी यांना, माकडांच्या कपाळामागील बाह्यकात (मेंदूच्या बाहेरील थरात) विलंबाच्या काळातही, म्हणजे खूण दिसेनाशी झाल्यापासून उत्तर देईपर्यंत, सक्रिय राहणाऱ्या पेशी आढळल्या. ही अखंड सक्रियता म्हणजेच स्मृती, असे पुढे दीर्घकाळ मानले गेले. लुंडक्विस्ट, अर्ल मिलर (वरील जॉर्ज मिलर नव्हेत) प्रभृतींनी २०१६ मध्ये दाखवले, की प्रयोगाची एकेक फेरी सुटी पाहिल्यास गॅमाचे तुटक उद्रेक दिसतात. अखंडता बरीचशी सरासरी काढल्यामुळे भासते. माहिती आत घेताना व वापरताना गॅमा वाढतो, बीटा घटतो. दोन्ही पक्षांचे लेख २०१८ मध्ये एकाच नियतकालिकात समोरासमोर आले. लय ही साठवण नसून माहितीच्या ये-जा करण्यावरचे नियंत्रण आहे, हे मत प्रस्तुत नोंदकारास पुराव्याला अधिक धरून वाटते.

अल्फाची भूमिका तुलनेने कमी वादाची आहे. स्मृतीवरचा भार वाढता ठेवल्यास डोक्याच्या मागील भागात अल्फा अनेकदा वाढतो. त्या वेळी नको असलेल्या दृश्य माहितीला अटकाव होत असावा.

यातील बराच गोंधळ मोजमापाचा आहे आणि नागपूरसारख्या ठिकाणी तो ठळक होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कूलरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि टाळूवरच्या घामामुळे आलेखाची आधाररेषा संथपणे डोलू लागते. भारतातील विद्युतपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे नेमका गॅमाच्या पट्ट्यातला. पंख्याचा किंवा कूलरचा हस्तक्षेप गाळताना त्या वारंवारतेची खरी लयही गाळली जाते. जबडा आवळला तरी स्नायूंचे संकेत बीटा-गॅमात मिसळतात. केसांच्या तेलाने इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो, म्हणून केस धुवून, तेल न लावता यावे, अशी सूचना असते. टाळूवरून घेतलेल्या गॅमाच्या नोंदींवर त्यामुळेच मर्यादित विश्वास ठेवावा.

लय बाहेरून बदलून स्मृती सुधारते का, हे कार्यकारणाच्या दृष्टीने निर्णायक ठरेल. वोलिन्स्की व सहकाऱ्यांना २०१८ मध्ये उजव्या पार्श्व भागावर ४ हर्ट्झचा प्रवाह दिल्यास दृश्य स्मृतीची क्षमता वाढलेली, ७ हर्ट्झने घटलेली आढळली. राइनहार्ट व न्वेन यांनी २०१९ मध्ये ६० ते ७६ वर्षे वयाच्या व्यक्तींना प्रत्येकाच्या मेंदूच्या लयीशी जुळवून घेतलेला थीटा प्रवाह २५ मिनिटे दिला. कार्यकारी स्मृतीतील सुधारणा किमान ५० मिनिटे टिकली. मात्र मृतदेहांवरील मोजणीनुसार (२०१८) टाळूवरचा सुमारे ७५ टक्के प्रवाह त्वचा, ऊती व कवटीतच खर्च होतो, आणि विविध प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना ‘थीटा लहरींनी स्मरणशक्ती’ देणारी उपकरणे व ध्वनिफिती विकल्या जातात. वरील प्रयोगांचा आधार त्यांना देता येणार नाही.

धंतोली-रामदासपेठेतील मेंदूविकारतज्ज्ञाकडे विसराळूपणाची तक्रार नेल्यास ईईजी काढला जातो तो मुख्यतः अपस्मार किंवा मेंदूच्या कार्यातील सार्वत्रिक मंदपणा तपासण्यासाठी. कार्यकारी स्मृती मोजण्यासाठी अंक सुलट व उलट म्हणायला लावण्याची जुनी चाचणीच वापरात आहे.