पाटीवरचा ‘पर्च’ कुठला? मिल्वॉकीच्या फिश फ्रायमधले दोन मासे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिल्वॉकीत नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या महिनाभरात विचारतोच, इथे चांगला तळलेला मासा कुठे मिळतो? शुक्रवारी संध्याकाळी जवळजवळ कुठेही मिळतो, आणि या शुक्रवारच्या जेवणालाच इथे फिश फ्राय म्हणतात. टॅव्हर्नमध्ये (म्हणजे इथल्या बारमध्ये), ब्रुअरीच्या बिअर हॉलमध्ये, चर्चच्या तळघरात, अगदी बोलिंग ॲलीतसुद्धा. जागेची अडचण नाहीच. अडचण आहे पाटीवरच्या एका शब्दाची: पर्च. या नावाखाली दोन मासे विकले जातात, एक गोड्या पाण्यातला आणि एक खोल समुद्रातला. दोघांचं नातं पापलेट आणि बोंबलाइतकंच.

इथे राहून तीन वर्षं झाली तरी मला हे माहीत नव्हतं. कळलं ते आत्यामुळे.

आत्या अलिबागची. मार्चमध्ये आली होती, ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते, म्हणून हौसेने तिला एका टॅव्हर्नमध्ये नेलं. ताट आलं ते इथल्या रीतीप्रमाणे: राय ब्रेडचा तुकडा, वाटीभर कोलस्लॉ, बटाट्याची धिरडी आणि त्यांच्याबरोबर सफरचंदाचा गोड लगदा (हा प्रकार आत्याने बाजूलाच सारला), लिंबाची फोड, आणि मध्ये तळलेल्या माशाच्या दोन जाड तुकड्या. आत्याने काट्याने वरचं कवच खरवडलं, तुकडी उलटी केली आणि चष्मा वर करून पाहिलं.

“अगं, तू म्हणालीस गोड्या पाण्यातला. गोड्या पाण्यातल्या माशाची कातडी अशी लाल असते होय? हा समुद्रातला आहे.”

वाढणाऱ्या बाईला विचारलं, तर ती हसून म्हणाली, पर्च म्हणजे पर्च. मी जरा लावून धरलं, तेव्हा आत जाऊन खोका बघून आली. खोक्यावर ‘ओशन पर्च’ छापलेलं होतं. पाटीवर लिहिताना ‘ओशन’ गळलं होतं.

तर पहिला मासा, खरा. यलो पर्च, इथल्या बोलीत लेक पर्च, म्हणजे सरोवरातला पर्च. अंग सोनेरी पिवळं, त्यावर सहा-आठ काळपट उभे पट्टे, पोटाकडचे पर नारिंगी. एवढासा असतो, सात-आठ इंच भरला तर बरा म्हणायचा. मादी अंडी घालते ती एका लांबलचक, घडीघडीच्या, बुळबुळीत पट्टीत, आणि ही पट्टी पाण्यातल्या झुडपांना अडकून राहते. मांस पांढरं, घट्ट आणि गोडसर. मराठी जिभेला समजेल असं सांगायचं तर मुडदुशीच्या वळणाचं. ज्याला मुडदुशी आवडते त्याला लेक पर्च आवडणारच, आणि ज्याला मुडदुशी मिळमिळीत वाटते त्याने उगाच जास्तीचे पैसे घालवू नयेत.

जास्तीचे पैसे का, तर तो आता मिल्वॉकीसमोरच्या पाण्यातून बाजारात येतच नाही. एके काळी मिशिगन सरोवरात तो मुबलक होता आणि इथल्या शुक्रवारच्या ताटात तोच असायचा. १९८०च्या दशकाच्या शेवटी झेब्रा शिंपले जहाजांच्या तळाच्या पाण्याबरोबर या सरोवरांत शिरले. हे शिंपले पाणी गाळून गाळून त्यातलं सूक्ष्म खाद्य फस्त करतात, आणि पर्चच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना नेमकं तेच लागतं. पुढे त्यांच्याच जातीतल्या क्वाग्गा शिंपल्यांनी उरलंसुरलं संपवलं. त्यात एलवाइफ नावाचा बाहेरून आलेला मासा ही पिल्लंच गिळतो. नवी पिढी तयारच होईना. १९९६ साली विस्कॉन्सिनने मिशिगन सरोवरातली पर्चची व्यापारी मासेमारी बंद केली. उत्तरेला ग्रीन बेच्या उपसागरात ती ठरावीक कोट्यात चालते. हौशी गळवाल्यांनाही इथे दिवसाला पाचच पर्च ठेवता येतात. पाच पर्चमध्ये एका माणसाचं जेवण जेमतेम होतं.

म्हणजे खिडकीतून मिशिगन सरोवर दिसतंय आणि ताटात ‘लेक पर्च’ आहे, तरी ते लेक बहुतेक वेळा दुसरंच असतं, ईरी. त्यातला बराच मासा पलीकडच्या कॅनडातल्या ओंटारिओच्या बंदरांवरून येतो. यात फसवणूक काही नाही. मासा तोच, फक्त घर दुसरं.

दुसरा मासा मात्र वेगळ्याच कुळातला. ओशन पर्च म्हणजे अटलांटिकमधला रेडफिश, किंवा पॅसिफिकमधला त्याचा भाऊबंद. रंगाने लाल-नारिंगी, डोळे बटाट्याएवढे, पाठीवर काटेरी पर. मराठी माणसाला पाहताक्षणी तांबोशी आठवेल, पण हा तांबोशीचाही नातेवाईक नाही. याचं गोत्र विषारी काट्यांच्या विंचूमाशांकडे जातं. खोल, थंड पाण्यात राहतो, फार सावकाश वाढतो, पन्नास वर्षंसुद्धा जगतो. पॅसिफिकमधला तर शंभरीच्या जवळ जातो. आणि अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांनाच जन्म देतो. म्हणजे त्या दिवशी आत्याच्या ताटातला मासा वयाने मला सीनियर असण्याची बरीच शक्यता होती. हे मी तिला सांगितलं नाही, नाहीतर तिने जेवणच सोडलं असतं.

मग याला पर्च कोणी म्हटलं? विकणाऱ्यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरात हा मासा इतर माशांबरोबर जाळ्यात यायचा आणि बहुतेक परत फेकला जायचा. १९२०च्या दशकात याच गावात क्लॅरेन्स बर्ड्सआयने झटपट गोठवण्याचं तंत्र बसवलं. १९३०च्या दशकात या लाल माशाच्या तुकड्या करून, गोठवून आतल्या राज्यांत पाठवणं परवडायला लागलं. आतली राज्यं म्हणजे मिडवेस्ट, आणि मिडवेस्टला आवडायचा लेक पर्च. तुकडी साधारण त्या आकाराची, मांस पांढरं. नाव ठेवलं ओशन पर्च. लेक पर्च महाग झाला की हा हाताशी होताच.

यावर आपण नाक मुरडायचं कारण नाही. रावस आपण ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतो, आणि त्याचा सॅमनशी काडीचा संबंध नाही. शिवाय पर्च नावाचा तिसराही एक मासा आहे, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तलावातला नाईल पर्च. तो पर्च तर नाहीच, पण आपल्या जिताड्याचा सख्खा चुलतभाऊ आहे. हे कळल्यावर आत्या म्हणाली, “मग तोच का नाही मागवला?” अलिबागच्या माणसापुढे जिताड्याचं नाव काढलं की पुढे दुसरा विषय चालत नाही.

ताटावर ओळखायचं कसं? तुकड्या मोजा. लेक पर्चच्या ताटात पाच-सहा लहान, पातळ तुकड्या येतात. पुष्कळदा दोन बाजू मध्ये जोडलेल्या, फुलपाखरासारख्या उघडलेल्या, आणि तळताना कातडी आखडल्यामुळे कडा वर वळलेल्या. दोन-तीन जाड, सपाट तुकड्या आल्या तर तो समुद्रातला. शंका राहिलीच तर आत्याचा मार्ग: कवच थोडं खरवडून कातडी बघा. हिरवट-सोनेरी आणि पट्ट्यांच्या काळ्या सावल्या दिसल्या तर लेक पर्च. लालसर किंवा गुलाबी दिसली तर ओशन. चवीत ओशन पर्च किंचित तेलकट, त्याचे पापुद्रे मोठे सुटतात, आणि समुद्राचा वास हलका का होईना, असतो.

ताट यायच्याही आधी ओळखण्याची एक खूण आहे आणि ती मला सगळ्यात भरवशाची वाटते, ती म्हणजे किंमत. पाटीवर कॉड या समुद्रातल्या माशाचं ताट असतंच. पर्चचं ताट कॉडपेक्षा चांगलंच महाग असेल तर लेक पर्च असण्याची आशा धरा. कॉडच्या बरोबरीने किंवा त्याहून स्वस्त असेल, तर विचारायचीही गरज नाही.

तळण्याचाही फरक पडतो, आणि याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. बिअर घालून केलेलं फुगीर पीठ कॉडसाठी चांगलं. कॉडची तुकडी जाड असते, त्या पिठाच्या आत ती वाफेवर शिजते. लेक पर्चला तेच पीठ लावलं की मासा हरवतो, नुसती भजी खाल्ल्यासारखं वाटतं. त्याला पिठाचा किंवा क्रॅकरच्या चुऱ्याचा पातळ थर हवा, आपल्या रव्यासारखा. पर्च मागवताना ‘बॅटर’ नको, ‘ब्रेडेड’ द्या, असं सांगायला लाजू नका. उलट ओशन पर्च दोन्ही प्रकारांत तग धरतो.

आता जागा. शुक्रवारची ही रीत जर्मन आणि पोलिश कॅथलिकांची, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासा. १९२० ते १९३३च्या दारूबंदीत टॅव्हर्नवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवण्यासाठी स्वस्त तळलेला मासा द्यायला सुरुवात केली आणि ती सवय कायमची चिकटली. १९६६ साली अमेरिकी बिशपांनी वर्षभरातल्या शुक्रवारांचं बंधन सैल करून ते लेंटपुरतं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांपुरतं ठेवलं. मिल्वॉकीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणून टॅव्हर्नमध्ये वर्षभर, आणि चर्चच्या हॉलमध्ये मुख्यतः लेंटमध्ये. चर्चमध्ये मासा बहुतेक कॉड, माणसं प्रेमळ, आणि घरून आणलेले केक विकायला मांडलेले. पर्चसाठी मी चर्चमध्ये जात नाही. केकसाठी जाते.

जुन्या वळणाची जागा बघायची असेल तर वेस्ट ॲलिसमधलं केगल्स इन, १९२४ पासूनचं, लाकडी भिंती आणि त्यांवर जर्मन चित्रं. पाहुण्यांना घेऊन जायचं असेल तर लेकफ्रंट ब्रुअरीचा बिअर हॉल; तिथल्या शुक्रवारच्या माशाबरोबर पोल्काचा बँडही गाजलेला आहे. कच्चा मासा घरी आणायचा असेल तर थर्ड वॉर्डमधल्या मिल्वॉकी पब्लिक मार्केटमधल्या मासळीच्या काउंटरवर जा. तिथे कातडी डोळ्यांनी बघून घेता येते, हा मोठा फायदा. पण कुठेही जायचं असलं तरी आधी फोन करा आणि फक्त ‘पर्च आहे का’ असं विचारू नका. विचारा, ‘यलो पर्च की ओशन?’ उत्तर चटकन आलं तर त्या स्वयंपाकघराला आपण काय तळतोय ते माहीत आहे. ‘थांबा, बघून सांगते’ आलं तरी हरकत नाही. ‘पर्च म्हणजे पर्च’ आलं की कॉड मागवा.

ओशन पर्च वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही. लेक पर्चला हळद-मिठापलीकडे काही सोसत नाही, मसाल्याखाली त्याचा गोडवा बुजतो. ओशन पर्चला आगळ, आलं-लसूण, घरचं लाल तिखट आणि वरून रवा-तांदळाचं पीठ लावून तव्यावर टाकला की तो आपलाच वाटतो. आत्या जायच्या आदल्या दिवशी तिने स्वतः दोन पाकिटं आणायला लावली आणि उभ्याने तळली. त्या वासाने शेजारचे आजोबा दारात आले, कुठला मासा म्हणून विचारायला. आत्याने मला सांगितलं, “त्यांना सांग, पर्च. पण नाव पूर्ण सांग हो.”

आणि टॅव्हर्नमध्ये खरा लेक पर्च हवा असेल तर पाच वाजता जाऊन बसा. सातनंतर बहुतेक ठिकाणी तो संपलेला असतो.