क्वार्टरबॅकच्या खात्यावरचा विजय : एका नोंदीची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूची, योग्यता त्याच्या संघाने जिंकलेल्या सामन्यांवरून ठरवावी की त्याच्या आकडेवारीवरून, हा वाद दर मोसमात नव्याने पेटतो. त्याचे मूळ मात्र खेळाडूंपेक्षा नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत अधिक आहे. या खेळाच्या नॅशनल फुटबॉल लीगची (एनएफएल) अधिकृत आकडेवारी 1932 पासूनची. पुढची चाळीस वर्षे सर्वोत्तम पासर ठरवण्याचे निकष सतत बदलत राहिले. कधी पासमधून मिळालेले एकूण यार्ड मोजले गेले, कधी पूर्ण झालेल्या (सहकाऱ्याने झेललेल्या) पासचे शेकडा प्रमाण, तर कधी दर पासमागचे सरासरी यार्ड. अशा अस्थिर काळात जिंकलेल्या सामन्यांची संख्या हे माप सर्वांना सहज कळणारे होते.

1973 मध्ये लीगने पासर रेटिंग, म्हणजे पास फेकण्याची गुणवत्ता एका आकड्यात सांगणारे माप, स्वीकारले. पूर्ण पासचे प्रमाण, दर पासमागचे यार्ड, टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याचे) प्रमाण आणि इंटरसेप्शनचे (प्रतिस्पर्ध्याने पास झेलण्याचे) प्रमाण या चार बाबींना सारखे महत्त्व देऊन, त्या काळातील सर्वसाधारण खेळाला 66.7 आणि परमोच्च खेळाला 158.3 गुण मिळतील अशी त्याची रचना होती. त्यात सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) नव्हते, क्वार्टरबॅकने स्वतः पळून मिळवलेले यार्ड नव्हते आणि प्रसंगाचे भानही नव्हते. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) दहा यार्ड हवे असताना फेकलेला चार यार्डांचा पास तिथेही 'पूर्ण' म्हणूनच जमा होतो. 1978 च्या नियमबदलांनी पासिंगला मोकळे रान दिले आणि 66.7 हा आकडा हळूहळू सुमारपणाची खूण बनला. प्रसंगानुसार मोजणीची कल्पना मात्र त्याआधीच मांडली गेली होती. 1971 मध्ये खुद्द एका व्यावसायिक क्वार्टरबॅकने एका प्राध्यापकासह शोधनिबंध लिहून, मैदानावरील प्रत्येक जागेवरून सरासरी किती गुण अपेक्षित आहेत याचे गणित मांडले होते. आजच्या अपेक्षित गुणांच्या मोजणीमागे तोच विचार आहे.

खरा गुंता आहे तो 'क्वार्टरबॅकचा विजय' या शब्दप्रयोगाचा. रूढ हिशेबात सामन्याचा निकाल सुरुवातीला मैदानात उतरलेल्या क्वार्टरबॅकच्या खात्यावर जातो, मग तो किती वेळ खेळला याला महत्त्व राहत नाही. 1972 मध्ये मायामीचा संघ सर्व 17 सामने जिंकून अजिंक्य ठरला. त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकचा पाय पाचव्या सामन्यातच मोडला होता आणि साखळीतील उरलेले नऊ सामने 38 वर्षांच्या राखीव खेळाडूने सुरू केले. पुढे पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य लढतीत, पिछाडीवर असताना, बरा झालेला मुख्य खेळाडू उत्तरार्धात उतरला आणि संघ 21-17 असा जिंकला. तरीही तो विजय राखीव खेळाडूच्या नावावर आहे. पुढच्याच मोसमात त्याच मुख्य क्वार्टरबॅकने सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) अवघे सात पास फेकले आणि संघाने 24-7 अशी बाजी मारली.

याहून बोलके उदाहरण 2008 मधील न्यू इंग्लंड संघाचे. आदल्या वर्षी साखळीत 16-0 (16 विजय, शून्य पराभव) अशी कामगिरी करणाऱ्या या संघाचा क्वार्टरबॅक पहिल्याच सामन्यात, सामन्याच्या पहिल्या पाव भागातच, गुडघा दुखावून मोसमाबाहेर गेला. उरलेला सामना राखीव खेळाडूने खेळून काढला आणि संघ 17-10 असा जिंकला. हिशेबात मात्र जखमी खेळाडूचे 1-0 आणि सामना पार पाडणाऱ्याचे त्या मोसमातील 10-5 असे आकडे लागले. ही केवळ तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून देता येत नाही, कारण याच आकड्यांच्या बेरजेवर पुढे थोरवीचे दावे उभे राहतात. बेसबॉलने पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) विजयांचा असाच मोह बऱ्याच अंशी सोडला. 2010 मध्ये 13 विजय आणि 12 पराभव नावावर असलेल्या सिएटलच्या पिचरला त्याच्या लीगचा सर्वोच्च पिचिंग पुरस्कार मिळाला. फुटबॉलमध्ये तसे वळण अद्याप आलेले नाही.

2011 मध्ये डेन्व्हरच्या संघाने हा वाद टोकाला नेला. 1-4 अशा सुरुवातीनंतर उतरलेल्या तरुण क्वार्टरबॅकने साखळीतील 11 पैकी सात सामने जिंकून दिले, असे म्हटले गेले. त्याच्या पासचे यश मात्र 46.5 टक्के होते. कॅन्सस सिटीतील 17-10 अशा विजयात त्याचे आठपैकी केवळ दोन पास पूर्ण झाले, आणि त्यांतील एक 56 यार्डांचा टचडाउन होता. त्या दिवशी सामना जिंकला तो चेंडू घेऊन पळण्याच्या खेळाने आणि बचावफळीने.

आकडेवारीची बाजू भक्कम करणारा पुरावा डेट्रॉइटच्या एका माजी क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीत आहे. 2011 मध्ये त्याने 5,038 यार्ड, 41 टचडाउन आणि 16 इंटरसेप्शन अशी कामगिरी केली आणि संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरला. त्या शहरातील बारा मोसमांत त्याला बाद फेरीत एकही विजय मिळाला नाही. 2021 मध्ये तो लॉस एंजेलिसकडे गेला, तिथे 4,886 यार्ड, 41 टचडाउन आणि 17 इंटरसेप्शन अशी जवळपास तीच आकडेवारी त्याच्या नावावर लागली, आणि त्याच मोसमात त्याने सुपर बोल जिंकला.