बिर्याणी

बिर्याणी : मसाल्यात मुरवलेले किंवा शिजवलेले मांस आणि अर्धवट शिजवून निथळलेला तांदूळ यांचे थर एका भांड्यात रचून, झाकण कणकेने बंद करून, कोंडलेल्या वाफेवर (दम) पुरा केलेला भात. बोकडाचे मटण हे तिचे मुख्य मांस, त्याखालोखाल कोंबडी. मासे, कोळंबी, खिमा, अंडी आणि भाज्या यांच्याही बिर्याण्या होतात. भाज्यांच्या प्रकाराला बिर्याणी म्हणावे की पुलाव, हा वाद जेवणाच्या पंगतीतला असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

व्युत्पत्ती : या शब्दाची दोन मुळे सांगितली जातात. एक मत फार्सी ‘बिरिंज’ म्हणजे तांदूळ या शब्दाकडे बोट दाखवते. ‘बिरिंज’ आणि संस्कृत ‘व्रीहि’ यांचे नाते बहुतेक भाषाभ्यासक मान्य करतात, त्यामुळे हे मत आकर्षक वाटते. दुसऱ्या मतानुसार शब्द ‘बिर्याँ’ म्हणजे भाजलेले, परतलेले यावरून आला. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. ‘बिरिंज’मधील ‘ज’ कोठे गेला, याचा समाधानकारक खुलासा पहिल्या मतात होत नाही. शिवाय इराणातील इस्फहान शहरात आजही ‘बिर्यानी’ या नावाने मिळतो तो रोटीवर वाढलेला, परतलेला मटणाचा खिमा; त्यात तांदळाचा कणही नसतो. थरांवर पसरल्या जाणाऱ्या तळलेल्या कांद्याचे ‘बिरिस्ता’ हे नावही याच धातूचे. म्हणजे घरच्या पातेल्यात मूळ अर्थ जपला आहे तो कांद्याने. मराठीत शब्द येताना ‘न’चा ‘ण’ झाला. ‘बिरयानी’ हे रूप हिंदी-उर्दूचे.

प्राचीन उल्लेख : मांस आणि तांदूळ एकत्र शिजवण्याची रीत भारतात जुनी आहे. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात विद्वान पुत्राची इच्छा करणाऱ्या दांपत्याने तूप घालून ‘मांसौदन’ खावे, असे सांगितले आहे. हे उपनिषद सामान्यतः इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकांच्या आसपासचे मानतात. तमिळ संघसाहित्यातही मांसमिश्रित भाताचे उल्लेख येतात. याज्ञवल्क्यस्मृतीतील विनायकशांतीच्या प्रकरणात आलेला ‘पललौदन’ हा शब्द मात्र पुलावाचा पुरावा म्हणून वापरताना सावध राहिले पाहिजे. ‘पलल’ म्हणजे मांस, तसेच वाटलेले तीळही. आणि शांतिकर्माच्या संदर्भात तिळाचा अर्थ अधिक जुळतो. एकंदरीत या उल्लेखांवरून मांसाचा भात प्राचीन होता एवढेच सिद्ध होते. थर, अर्धवट शिजवलेला तांदूळ आणि दम ही बिर्याणीची तीन लक्षणे त्यांत दिसत नाहीत.

मोगलकाळ : अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याच्या आईन-इ-अकबरीत (सु. १५९०) पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत : बिनमांसाचे, मांस व धान्य एकत्र असलेले आणि मसाल्यांतील मांसाचे. त्यात ‘बिर्याँ’ तिसऱ्या वर्गात येते. अख्खी मेंढी, मीठ, तूप, केशर, लवंग, मिरी आणि जिरे असे तिचे साहित्य दिले आहे, तांदूळ नाही. उलट दुसऱ्या वर्गातील ‘दुज्दबिर्याँ’मध्ये दहा शेर तांदळाला दहा शेर मांस आहे. नाव बिर्याँचे आणि सोबत तांदूळ अशी जोडी येथे दिसते, म्हणून आजच्या बिर्याणीचा पूर्वज शोधायचा तर तो या दुसऱ्या वर्गात शोधणे सयुक्तिक ठरेल. शाहजहानच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या फार्सी पाककृतिसंग्रहांत ‘झेर बिर्याँ’ हा प्रकार येतो. ‘झेर’ म्हणजे खाली; मांस खाली आणि तांदूळ वर, ही रचना नावातच आली. मुमताज महलने सैनिकांच्या पोषणासाठी हा पदार्थ करवून घेतला, किंवा तैमूरच्या फौजेबरोबर तो भारतात आला, या कथा लोकप्रिय असल्या तरी त्यांच्या पाठीशी समकालीन आधार दिला जात नाही. हिरवी-लाल मिरची, टोमॅटो आणि बटाटा ही पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची भर होय. आईनमधील मसाल्यांत तिखटपणा आहे तो मिऱ्यांचा.

पुलाव आणि बिर्याणी यांतील सीमारेषा काटेकोर नाही. पुलावात तांदूळ मोजक्या यखनीत (मांसाच्या पाण्यात) शिजतो व ते पाणी पूर्ण पितो. बिर्याणीत तो भरपूर पाण्यात शिजवून निथळतात, असा भेद करता येतो. पण लखनौची बिर्याणी यखनीशिवाय होत नाही, त्यामुळे हा भेद तेथेच डळमळतो. लखनौचा इतिहासकार अब्दुल हलीम शरर याने विसाव्या शतकाच्या आरंभी पुलावाला उघड झुकते माप देऊन बिर्याणीला त्यापुढे ओबडधोबड ठरवले होते. हैदराबादकर हे मान्य करणार नाहीत.

कृतीचे तत्त्व : घरगुती बिर्याणीच्या दोन पद्धती आहेत. ‘पक्की’मध्ये मांस आधी शिजवून घेतात, ‘कच्ची’मध्ये मुरवलेले कच्चे मांस तळाशी घालून वर तांदूळ रचतात. कच्चीतली खरी अडचण वेळेची आहे. मटणाला लागणारा वेळ तांदळाला मिळाला तर त्याचा लगदा होतो. तांदळापुरता वेळ दिला तर मटण चिवट राहते. हे अंतर दोन्ही बाजूंनी कमी करावे लागते.

मांसाच्या बाजूने दही, मीठ आणि कच्च्या पपईचे वाटण मदत करतात. पपईतील पपेन हे विकर मांसातील प्रथिने तोडते आणि सुमारे ६० ते ७० अंश से. तापमानाला सर्वाधिक जोमाने काम करते. त्यामुळे फ्रिजमध्ये मुरताना नव्हे, तर भांडे तापू लागल्यावर तिचा मुख्य परिणाम होतो. एक किलो मटणाला दोन मोठे चमचे वाटण पुरते. जास्त झाल्यास मांस पिठूळ लागते. खांद्याचे आणि मांडीचे तुकडे, सोबत थोडी नळी, अशी मिसळ योग्य.

तांदळाच्या बाजूने तो अर्धा तास भिजवून, खडा मसाला घातलेल्या, चव घेता खारटच लागेल अशा उकळत्या पाण्यात टाकतात. शीत बोटात दाबल्यावर मधली कणी लागते तोवर निथळायचे. कच्चीसाठी पहिला, मांसालगतचा थर जास्त कणीदार ठेवतात, कारण खालची वाफ आणि दह्याचे पाणी त्यालाच सर्वाधिक मिळते. वरचा थर जरा अधिक शिजवलेला असतो. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच फसलेल्या बिर्याण्यांचे कारण मसाल्यात नसून या एका मिनिटात असते. बासमतीत अमायलोज (तांदळाच्या पिष्टाचा एक घटक) मध्यम प्रमाणात असल्याने शिते सुटी राहतात व लांबीत जवळजवळ दुप्पट होतात. आपला आंबेमोहोर वासाला कमी नाही, पण तो आखूड आणि मऊ, म्हणून थरांत टिकत नाही. केरळातील थलश्शेरीची बिर्याणी मात्र कैमा या बारीक तांदळाचीच करतात, तेव्हा लांब शीत हा अटळ नियम समजू नये.

थरांवर बिरिस्ता, पुदिना, कोथिंबीर, तूप आणि कोमट दुधात भिजवलेले केशर घालून जाड बुडाच्या पातेल्याचे झाकण कणकेने लावतात. एक किलो मटणाला आधी दहा-पंधरा मिनिटे मोठी आच, वाफ धरली की खाली तवा सरकवून पाऊण तासापर्यंत मंद आच, आणि नंतर न उघडता दहा मिनिटे. पूर्वी झाकणावरही निखारे ठेवत. तव्याविना दम दिला तर मसाला बुडाला लागतो. कुकरमध्ये मटण शिजवून थर लावणे ही शहरी घरांतील सर्रास चालणारी पक्कीच होय.

प्रादेशिक प्रकार : हैदराबादची कच्ची आणि लखनौची पक्की हे दोन ठळक प्रकार. कोलकात्याच्या बिर्याणीतील बटाटा १८५६ नंतर कोलकात्यातील मटियाबुर्ज येथे राहिलेल्या, अवधच्या पदच्युत नवाब वाजिद अली शाहच्या स्वयंपाकघराशी जोडतात. तो काटकसरीने आला की नवलाईने, याविषयी एकमत नाही. मुंबईच्या बिर्याणीत बटाटा आणि आलुबुखार दोन्ही असतात. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील बिर्याणीचा वळसा हैदराबादी आहे. सोबत दालचा (मांस किंवा दुधी घातलेली आंबट डाळ) असतो. कोकणी मुसलमानांच्या घरांतील ‘अखनी’ हे नाव यखनीवरून आलेले असून ती पुलावाला जवळची. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचा खिम्याचा व कोळंबीचा भात याच कुळाच्या कडेला बसतो, पण त्याला घरात कोणी बिर्याणी म्हणत नाही.